घराण्याचा इतिहास शोधताय? मूळपुरुषापासून नको, आजीपासून सुरुवात करा

वंशावळ काढायला बसलेले बहुतेक लोक चुकीच्या टोकाला हात घालतात. मूळपुरुष कोण, तो कुठून आला, पानिपतावर आपलं कोण गेलं होतं? मग एखाद्या नामांकित घराण्याशी आडनाव जुळतं, मधल्या पाच-सहा पिढ्यांची दरी अंदाजाने बुजवली जाते आणि तक्ता चौकटीत जाऊन भिंतीवर लागतो. त्यात पणजीचं नाव नसतं, पणजोबा कोणत्या साली वारले ते नसतं, आणि 'ही माहिती कुठून मिळाली?' असं नातवाने विचारलं तर उत्तर नसतं.

काम उलटं करायचं. स्वतःपासून मागे, एका वेळी एकच पिढी. प्रत्येक नावाशेजारी ते कशावरून कळलं, हे तिथल्या तिथे लिहायचं. एवढं सांभाळलं तर सामान्य शेतकरी किंवा कारागीर घराणंसुद्धा कागदोपत्री शंभर-सव्वाशे वर्षं मागे नेता येतं. जमीन, वतन किंवा इनाम असेल तर त्याहून मागे.

आधी घर धुंडाळा

कचेरीत जायच्या आधी माळा, ट्रंका, देवघराखालचा खण आणि कपाटाच्या वरची गाठोडी बघा. लग्नपत्रिका, जन्मपत्रिका, शाळेचे दाखले, जुनी रेशनकार्डं, विम्याचे कागद, पोस्टकार्डं. पोस्टकार्डावर टपाल खात्याचा शिक्का असतो, म्हणजे तारीख आणि गाव दोन्ही मिळतं. पोथ्यांची पहिली-शेवटची पानं आवर्जून उघडा. मुलांचे जन्म, गाईचं वेत, उसने दिलेले पैसे असं काहीही तिथे लिहिलेलं सापडतं.

आणि भांडी! तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नाव घालायची पद्धत आपल्याकडे घरोघरी होती. कळशीच्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव, गाव आणि तारीख म्हणजे लग्नाचा पुरावा असतो, तोही बहुधा माहेरच्या माणसांच्या नावासकट. ज्या बाईचं नाव एकाही सरकारी कागदावर नाही, तिचं नाव घंगाळावर सापडू शकतं. मोडीत देण्याआधी निदान फोटो काढून ठेवा.

जुने फोटो असतील तर मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का असेल तर शहर कळतं. कोण कोण आहे ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच वदवून घ्या आणि मऊ पेन्सिलीने कडेला लिहा. बॉलपेनने नको, शाई पुढून उमटते. फाटक्या कागदांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. छायाचित्र काढून मूळ कागद सुती कापडात किंवा साध्या पाकिटात सपाट ठेवला की पुरे.

मग माणसं

कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. त्यामुळे घरातलं, भावकीतलं, आत्या-मावश्यांतलं सगळ्यांत वयस्कर माणूस आधी गाठायचं. आत्या आणि चुलतआजी यांना विशेष मान द्या. घरातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या बाईला माहेरचा काळ जसाच्या तसा आठवतो, घरात राहिलेल्यांच्या आठवणींवर पुढच्या भांडणांचे थर चढलेले असतात.

'आपल्या घराण्याचा इतिहास सांगा' असं म्हटलं की समोरचं माणूस गोंधळतं, नाहीतर ऐकीव दंतकथा सुरू करतं. बारीक, हाताला लागतील असे प्रश्न विचारा. तुमच्या लग्नात मामा म्हणून पाठीशी कोण उभं होतं? पहिल्या बाळंतपणाला कुठे गेला होतात? सुतक कोणाकोणाचं धरायचे? कुळाचाराला कुठली माणसं यायची? जत्रेला कुठल्या देवाला जायचे आणि वाटेत मुक्काम कोणाकडे असायचा? सुतकाच्या प्रश्नाने भावकीची हद्द कळते, मुक्कामाच्या प्रश्नाने विसरलेले सोयरे सापडतात.

साल विचारू नका, ते कोणालाच आठवत नाही. घटनेच्या आधी की नंतर, असं विचारा. पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा थोरला किती वर्षांचा होता? कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा आजोबा होते का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेलं होतं? मराठवाड्यात रझाकारांचा काळ आणि किल्लारीचा भूकंप, विदर्भात आणि बौद्ध घरांत सर्वत्र छप्पन सालचं धर्मांतर. खूप मागच्या गोष्टींसाठी प्लेग आणि १९१८ ची तापाची साथ. 'आमचा एक काका मानमोडीत गेला' हे वाक्य ऐकलंत तर तो १९१८ चाच मृत्यू समजून पुढे कागदात शोधा, कारण त्या इन्फ्लुएंझाला लोक मानमोडीच म्हणत.

फोनवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी परवानगी घ्या. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव मोठ्याने म्हणा, नाहीतर दहा वर्षांनी कोणती फाइल कोणाची ते तुम्हालाच कळणार नाही. एका बैठकीत तासाभराहून जास्त ताणू नका. पुन्हा गेलात की त्यांना मधल्या काळात आणखी आठवलेलं असतं.

दोन अडचणी नक्की येतात. पहिली, कागदावरचं नाव घरात कोणालाच माहीत नसतं. तात्या, अण्णा, आबा, बापू, माई, जिजी या हाका झाल्या. 'तात्यांचं शाळेतलं नाव काय होतं?' असं स्वतंत्रपणे विचारावं लागतं. बायकांच्या बाबतीत पाळण्यातलं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव आणि हाक मारायचं नाव अशी तीन-तीन नावं असतात. तिन्ही लिहा.

दुसरी अडचण संशयाची. तुम्ही फेरफार, सात-बारा असे शब्द उच्चारलेत की चुलतभावाच्या कपाळावर आठी पडते. 'याला अचानक जमीन का आठवली?' जिथे वाटणीवरून कोर्टकचेरी झाली आहे तिथे हे होणारच. आपण काय करतोय ते आधीच सगळ्यांना सांगावं, मिळालेल्या कागदांच्या प्रती मागायच्या आत वाटाव्यात आणि जमिनीच्या हिश्शाबद्दल चकार शब्द काढू नये.

लिहायचं कसं

महागडं सॉफ्टवेअर नको. एक जाड वही किंवा संगणकावरचा साधा तक्ता. प्रत्येक माणसाला एक क्रमांक आणि एक पान: नाव (सगळी), आईवडील, जन्म, लग्न, मृत्यू, गाव, धंदा, आणि सगळ्यांत महत्त्वाचा रकाना 'कशावरून'. तिथे 'आत्या, दिवाळी २०२४' किंवा 'फेरफार क्र. ४१२, मौजे अमुक' असं ठोक लिहा. दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी मिळाल्या तर दोन्ही लिहा. त्यातली खरी कुठली, ते ठरवायची घाई करू नका.

लग्न होऊन आलेल्या प्रत्येक बाईचं माहेरचं नाव, आडनाव, गाव आणि वडिलांचं नाव लिहायची सक्ती स्वतःवर करून घ्या. घरातून गेलेल्या मुलींचंही पान करा. पारंपरिक वंशावळी मुलग्यांवरच चालतात, त्यामुळे निम्मं घराणं गळून पडतं. तोटा फक्त न्यायाचा नाही, शोधाचाही आहे. पुढे वाट खुंटली की बहुतेक वेळा सोयरिकीच्याच दाराने पुन्हा आत शिरता येतं.

हौस असेल तर ग्राम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे, त्यात देवनागरी चालते. पण हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आईचं माहेरचं आडनाव असलं काही कुठल्याही सार्वजनिक संकेतस्थळावर चढवू नका. बँकेचे सुरक्षाप्रश्न याच माहितीवर बेतलेले असतात.

शाळा आणि कोतवाल बुक

परदेशी मार्गदर्शकांत जनगणना ही पहिली पायरी असते. आपल्याकडे ती विसरा. जनगणनेतली व्यक्तीची माहिती कायद्याने गोपनीय आहे, नावानिशी पाहायला मिळत नाही. आपली पहिली पायरी म्हणजे गावची मराठी शाळा.

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख असते. जुन्या शाळांत ही रजिस्टरं एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जातात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन 'प्रवेश-निर्गम उतारा' मागायचा. तिथली जन्मतारीख मात्र जपून वापरा. गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून ही तारीख महाराष्ट्राच्या निम्म्या जुन्या पिढीच्या वाट्याला आलेली आहे.

दुसरी वही गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे कोर्ट फीचं तिकीट लावून नकलेसाठी अर्ज करायचा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बरेचदा नसतंच, बापाचं नाव आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण असतं: ताप, पटकी (कॉलरा), देवी (हा रोग). एकाच आठवड्यात एकाच घरातली तीन नावं पटकीत गेलेली दिसली की घरातल्या आठवणीत नसलेली गोष्ट समोर येते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून अनेक जिल्ह्यांत या जुन्या वह्या बाहेर काढून तपासल्या आणि स्कॅन केल्या गेल्या. आपल्या जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आधी नजर टाका, खेप वाचेल.

जमीन: सगळ्यांत बोलका कागद

सात-बारा सगळ्यांना माहीत असतो, पण घराण्याच्या शोधात तो फक्त दार आहे. उताऱ्यावर जे फेरफार क्रमांक गोलात लिहिलेले असतात, तिकडे जायचं. फेरफार म्हणजे गाव नमुना ६. जमिनीच्या हक्कात बदल का झाला, ते तिथे वाक्यात लिहिलेलं असतं. वारसाचा फेरफार साधारण असा वाचायला मिळतो: अमुक हा अमुक तारखेस मयत झाला, त्यास वारस विधवा अमुक, मुलगे अमुक अमुक, मुली अमुक अमुक, पैकी थोरला वयाने सज्ञान. एका परिच्छेदात मृत्यूची तारीख, बायकोचं नाव, मुलांचा क्रम आणि लग्न झालेल्या मुलींची सासरची आडनावं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या फेरफारांत मुली जास्त दिसतात. त्याआधीच्या नोंदींत मुली नसल्या तरी विधवा सापडते.

वाचताना काही खुणा माहीत हव्यात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, मराठवाडा-विदर्भात त्याजागी 'वल्द'. 'कोम', 'भ्रतार' किंवा 'जौजे' म्हणजे अमक्याची बायको. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या एकट्याच्या नावावर जमीन दिसली तरी मागे सगळे भाऊ आहेत हे समजायचं. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मुलगा अल्पवयीन आहे आणि सहसा आई किंवा चुलता त्याची जमीन सांभाळतोय. ही खूण दिसली की बाप तरुणपणी गेला होता असं धरून कोतवाल बुकात त्याचा मृत्यू शोधावा.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात फेरफार साधारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मिळू शकतात. त्याला जोडून क-ड-ई पत्रक, पाहणीपत्रक, इनामपत्रक ही जुनी महसुली पत्रकं मागा. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कागद उर्दूत आणि फसली सनात (निजामाच्या महसुली कालगणनेत) आहेत. तिथे सेतवार आणि खासरा पत्रक हे जुन्या जमीन-नोंदींचे शब्द वापरले तर कारकुनाला लगेच कळतं. पूर्व विदर्भात बंदोबस्ताच्या (जमीनमहसूल ठरवतानाच्या) मिसली, म्हणजे फायली, आणि १९५४-५५ चे अधिकार अभिलेख विचारा.

एक ठेच जवळजवळ सगळ्यांना लागते. आजचा गट नंबर घेऊन १९२० चा फेरफार शोधायला गेलात तर काहीच मिळत नाही, कारण एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आधी गटाचा जुना सर्व्हे नंबर काढा, मग मागे जा. शासनाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सात-बारा आणि फेरफार स्कॅन केलेले मिळतात. अक्षर लागत नसेल तर गावातले निवृत्त तलाठी शोधा. (आता हुद्दा ग्राम महसूल अधिकारी झालाय, पण तलाठी म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही.) जुनं वळण वाचण्यात त्यांच्यासारखा हात कोणाचा नाही.

गाव धरणात गेलं असेल तर कागद गेलेत असं मानू नका. कोयना, उजनी, जायकवाडीच्या विस्थापितांच्या खातेदारांच्या याद्या पुनर्वसनासाठी झाल्या होत्या, त्या जिल्हा पुनर्वसन कार्यालयाकडे विचाराव्यात. कचेरीतून 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' असं तोंडी उत्तर आलं तर ते लेखी मागा. लेखी मागितल्यावर रेकॉर्ड पुष्कळदा सापडतं. नाहीच तर माहितीचा अधिकार आहे.

ज्यांच्या नावावर कधी जमीनच नव्हती, त्यांचा शोध या वाटेने जात नाही. त्यांच्यासाठी शाळा, कोतवाल बुक आणि नोकरीचे कागद: गिरणीचं तिकीट, रेल्वेचं सर्व्हिस बुक, पलटणीतली कागदपत्रं. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने वतन खालसा झाल्यावर पुन्हा बहाल झाल्या, त्या वेळच्या नोंदींत हिस्सेदारांची नावं तपशिलाने येतात. धर्मांतरानंतर किंवा शहरात आल्यावर आडनाव बदललं असेल तर शाळेच्या रजिस्टरमधला जुना-नवा दुवा आधी पक्का करा. सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक गावांत 'या गावातून पहिल्या महायुद्धात इतके लोक गेले' अशी संगमरवरी पाटी असते. तिच्यावर नावं नसतात, फक्त आकडा. लढाईत पडलेल्यांची नावं, पुष्कळदा बापाच्या नावासह आणि गावासह, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात.

एकाच नावाचा घोळ

शोधणारे सगळ्यांत जास्त घसरतात ते इथे. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची पद्धत असल्यामुळे कागदात राणोजी बिन संताजी, मग संताजी बिन राणोजी, मग पुन्हा राणोजी बिन संताजी अशी साखळी येते. मधल्या दोन पिढ्या गाळल्या तरी तक्ता बरोबरच वाटतो! ओळख पटवायची ती बायकोचं नाव, सर्व्हे नंबर आणि साल या तीन गोष्टींवरून. तिन्हीतल्या दोन तरी जुळल्याशिवाय पुढची पिढी जोडू नका.

दत्तकही विसरू नका. एका शाखेतला मुलगा दुसऱ्या शाखेत जातो, बापाचं नाव बदलतं, आणि एकच माणूस दोन ठिकाणी दोन माणसं म्हणून उभा राहतो. शिवाय आडनावावर भिस्त ठेवू नये. पाटील, कुलकर्णी, देशमुख, जोशी ही हुद्द्याची किंवा व्यवसायाची नावं, 'कर' लावलेली गावाची. गाव सोडलं की मागचं आडनाव सुटून नवं लागायचं. मूळ गाव, कुलदैवत आणि देवक किंवा गोत्र जुळलं तर नातं असू शकतं. नुसतं आडनाव जुळलं तर ओळख काढायला निमित्त झालं, एवढंच.

मनातल्या मनात एक हिशेब करत राहा: एक पिढी म्हणजे साधारण पंचवीस ते तीस वर्षं. शिवराज्याभिषेकाला साडेतीनशे वर्षं झाली, म्हणजे बारा ते चौदा पिढ्या. कोणी तुम्हाला शिवकाळापर्यंतची सात पिढ्यांची वंशावळ दाखवली तर निम्मी माणसं कुठे गेली ते विचारा.

उपाध्ये, भाट, हेळवी

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग, हरिद्वार इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रत्येक मुलुखाचे, प्रत्येक जातीचे उपाध्ये ठरलेले असतात. तिथे गेल्यावर आडनाव, मूळ गाव आणि जात सांगितली की आपले उपाध्ये कोण ते कळतं. मूळ गाव माहीत नसेल तर वही उघडणारच नाही, म्हणून घरचं आणि जमिनीचं काम आधी. वहीत कोण आलं होतं, कशासाठी, बरोबर कोण, भाऊ-मुलगे कोण, असा मजकूर असतो. कधी पूर्वजाची स्वतःची सही असते. गर्दीच्या पर्वकाळात किंवा पितृपक्षात जाऊ नका, त्यांना वेळ नसतो. आपली तयार केलेली यादी बरोबर न्या, नव्या पिढीची नावं वहीत घाला, दक्षिणा द्या आणि छायाचित्र काढायचं असेल तर आधी विचारा. ती त्यांची घरची मालमत्ता आहे, सरकारी दफ्तर नव्हे. हरिद्वारसारख्या काही क्षेत्रांतल्या वह्यांची छायाचित्रं फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरही आहेत.

कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पट्ट्यात हेळवी, म्हणजे वंशावळी सांगणारे फिरस्ते, येतात. पूर्वी बैलावर बसून यायचे, दारात घराण्याची नावं म्हणून दाखवायचे आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जायचे. इतर भागांत भाटांच्या चोपड्या आहेत. त्यांच्याकडची अलीकडच्या सात-आठ पिढ्यांची नावं अनेकदा फेरफारांशी चोख जुळतात. त्यापलीकडे मजकूर सूर्यवंश-चंद्रवंशात शिरतो. तोही लिहून घ्या, मौखिक परंपरा म्हणून मोलाचाच आहे, पण वहीत वेगळ्या पानावर.

दफ्तरखाना आणि मोडी

सुरुवातीलाच पेशवे दफ्तर गाठायची हौस अनेकांना असते. पुण्याच्या त्या दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत, पण ते कारभाराचे आहेत. वतनदार, इनामदार, सरदार, देवस्थानं यांचा त्यात उल्लेख असण्याची शक्यता बरी. सामान्य रयतेचा कमी. घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल तर मात्र जरूर जा. इनाम कमिशनने १८५२ च्या कायद्याखाली हक्क तपासले तेव्हा लोकांनी आपल्या कैफियतींबरोबर (लेखी निवेदनांबरोबर) वंशावळी दाखल केल्या होत्या. राज्याच्या पुराभिलेखागाराच्या शाखा मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर इथे आहेत. त्याशिवाय १९१० साली स्थापन झालेलं पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ. अनेक घराण्यांचे कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या इतिहासाची पुस्तकं, छापलेले आहेत. आपल्या घराण्याचा असेल तर आधी तोच मिळवा, पण तोही तपासूनच वापरा, विशेषतः जुन्या पिढ्यांबाबत.

मोडी शिकावीच. पुराभिलेख खातं आणि भारत इतिहास संशोधक मंडळ तिचे वर्ग घेतात. रोज अर्धा तास दिला तर काही महिन्यांत नावं, अंक आणि 'बिन' ओळखण्यापुरती नजर बसते. तेवढ्याने कोणता कागद जाणकाराकडे न्यायचा आणि कोणता नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येतं. पूर्ण लिप्यंतर पैसे देऊन करून घ्या, त्यात कमीपणा नाही.

सन आणि तिथ्या

शके असेल तर ७८ मिळवा. तिथी पौष-माघ-फाल्गुनातली असून इंग्रजी वर्ष उलटलेलं असेल तर ७९. म्हणजे शके १८३२ च्या चैत्रातला जन्म १९१० चा, माघातला १९११ चा. पत्रिकेत संवत्सराचं नाव दिलेलं असतं, त्यावरून पडताळा घ्या. शके १८३२ साधारण संवत्सर, साठ वर्षांनी १९७०-७१ मध्ये पुन्हा तेच नाव. लिहिणाऱ्याने शकाचा एखादा आकडा चुकवला असेल तर तो इथे पकडला जातो. निजामाच्या फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे. फसली १३५७ मध्येच सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली. पेशवाईच्या कागदांतला सुहूर सन मृगापासून सुरू होतो आणि अरबी शब्दांत असतो: इहिदे सितैन मया व अलफ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९, पुढच्या महिन्यांसाठी ६०० मिळवा. पानिपताचा जानेवारी १७६१ याच सनात येतो.

मुंबई, गोवा आणि समुद्रापलीकडे

कोकणातलं घर मुंबईला आलं असेल तर चाळीच्या भाडेपावत्या, गिरणीचं तिकीट आणि गावकऱ्यांच्या मंडळांच्या जुन्या वर्गणी-वह्या बघा. गावकीची खोली असायची तिथे राहणाऱ्यांची यादी कोणाकडे तरी निघतेच. गोव्यात कोमुनिदादींच्या (गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थांच्या) गावकऱ्यांच्या नोंदी, देवस्थानांच्या महाजनांच्या (देवळावर हक्क असलेल्या घराण्यांच्या) याद्या, चर्चची बाप्तिस्म्याची पुस्तकं आणि पणजीचं पुराभिलेखागार. कागद पोर्तुगीजमध्ये, पण नावं ओळखू येतात. कारवार किंवा मालवणकडच्या ज्या घरांचं कुलदैवत मंगेशी, शांतादुर्गा किंवा म्हाळसा आहे, त्यांनी महाजनांच्या यादीतून सुरुवात करावी. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या नोंदी तिथल्या मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, काहींचे फोटोसुद्धा. तंजावरच्या मराठ्यांना तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद आहेत.

हाती आलेल्याचं काय करायचं

तीन-चार पिढ्या पक्क्या झाल्या की थांबा आणि लिहून काढा. पाचवी पिढी सापडेपर्यंत थांबलात तर वही पेटीतच राहते. तक्ता एक पान, बाकीची पानं माणसांची: कोण काय करायचं, कुठून कुठे गेलं, कशाने गेलं, कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. दिवाणी दावे आणि वाटणीपत्रं असतील तर त्यांचा सारांश घाला, पण हयात माणसांचं भांडण त्यात आणू नका. 'कशावरून' हा रकाना छापील प्रतीतही ठेवा. जिथे फक्त ऐकीव माहिती आहे तिथे 'ऐकीव' असं लिहा.

पहिली कच्ची प्रत भावकीत वाटा आणि समासात पेनने दुरुस्त्या करून परत मागा. फोनवर पाठवलेल्या पीडीएफला अंगठा येतो, दुरुस्ती येत नाही. दुरुस्त प्रतींपैकी एक गावच्या वाचनालयाला, एक घरातल्या सगळ्यांत लहान कमावत्या माणसाला आणि एक लग्न होऊन गेलेल्या आत्यांपैकी कोणाच्या तरी घरी द्या. मूळ कागदांची स्कॅन केलेली छायाचित्रं दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. फाइलला नाव देताना आधी साल, मग गाव, मग कागदाचा प्रकार, मग व्यक्ती: '१९३४_अमुकगाव_फेरफार४१२_राणोजी'. क्रम सगळीकडे एकच ठेवा.